नस तुटली की स्नायू गप्प बसत नाही

"हात उचलतच नाहीये, तरी डॉक्टर म्हणतात तीन आठवड्यांनी तपासणीला या. एवढे दिवस कशाला घालवायचे? आजच सुई घालून बघा की!"

सोलापुरात फिजिओथेरपी करताना हा प्रश्न मला सतत ऐकू येतो. कधी अक्कलकोट रोडला दुचाकीवरून पडलेल्या मुलाची आई विचारते. त्याच्या मानेतून हाताकडे जाणारा नसांचा जुडगा ताणला गेलेला असतो. कधी अशोक चौकाकडचे, काचेने मनगट कापलेले विणकर काका असतात. सोबतचा पुतण्या त्यांच्याशी तेलुगूत बोलतो आणि तोच प्रश्न मला मराठीत विचारतो. कधी जीबीएसमधून (गियाँ-बारे सिंड्रोम, ज्यात शरीराची प्रतिकारशक्तीच नसांवर हल्ला करते) सावरणारा पेशंट असतो. 2025 च्या जानेवारीत पुण्यात या आजाराची साथ आल्यापासून हे नाव आपल्याकडेही घराघरांत माहीत झाले आहे. विचारणाऱ्यांचे काहीच चुकत नाही. हात लुळा पडलेला डोळ्यांना दिसतो, मग ईएमजीच्या, म्हणजे स्नायूत बारीक सुई घालून त्यातली वीज टिपणाऱ्या मशीनला का दिसू नये?

मशीनला जे टिपायचे आहे, ते पहिल्या दिवशी घडलेलेच नसते. नस तुटल्यावर स्नायूची पेशी हळूहळू स्वतःला बदलते. तिच्या आवरणावरची काही आयन चॅनेल्स (क्षारांना ये-जा करू देणाऱ्या सूक्ष्म नळ्या) कमी होतात, काही नवी येतात, काही भलत्याच जागी दिसू लागतात. भूलतज्ज्ञ विचारतात ते प्रश्न आणि आम्ही देतो तो 'करंट' यांची कारणेही याच बदलांत आहेत. म्हणून हा विषय थोडा किचकट असला तरी नीट समजून घ्यावा असे मला मनापासून वाटते.

आधी धडधाकट स्नायूपासून सुरुवात करू. स्नायूची पेशी लांब आणि बारीक असते. तिच्या आवरणाच्या आत आणि बाहेर क्षारांचे प्रमाण फार वेगवेगळे असते. आत पोटॅशियम भरपूर, लिटरला सुमारे 150 मिलिमोल. बाहेर जेमतेम 4. सोडियमचे बरोबर उलटे: बाहेर 140 च्या आसपास, आत दहा-बारा. हा फरक राखण्यासाठी आवरणातला सोडियम-पोटॅशियम पंप रात्रंदिवस चालू असतो. याच आवरणात प्रथिनांच्या अतिसूक्ष्म नळ्या असतात. त्यांना आयन चॅनेल म्हणतात. काही चॅनेल्स विजेचा दाब बदलला की उघडतात, काही ठराविक रसायन चिकटले की, तर काही बहुतेक वेळ उघडीच असतात. स्नायू निवांत असताना मुख्यतः पोटॅशियमची आणि क्लोराइडची चॅनेल्स उघडी असतात, त्यामुळे पेशीची आतली बाजू बाहेरच्या मानाने उणे 80 ते उणे 90 मिलिव्होल्टवर असते. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता हालचालीचा आदेश येतो. नसेच्या टोकातून अॅसिटिलकोलिन नावाचे रसायन बाहेर पडते आणि समोरच्या स्नायूवरच्या रिसेप्टरला, म्हणजे ते रसायन ओळखणाऱ्या प्रथिनाला, चिकटते. हा रिसेप्टर स्वतःच एक चॅनेल आहे. तो उघडला की सोडियम आत येते आणि दाब उण्याकडून शून्याकडे सरकतो. मग शेजारची सोडियम चॅनेल्स उघडतात, विजेची लाट पेशीच्या दोन्ही टोकांपर्यंत धावते, आत कॅल्शियम सुटते आणि स्नायू आकसतो. हे सगळे काही मिलिसेकंदांत होते.

हे रिसेप्टर पेशीभर पसरलेले नसतात. नस जिथे स्नायूला भेटते त्या एका ठिपक्यात एक चौरस मायक्रॉनला सुमारे 10,000 रिसेप्टर असतात. त्या ठिपक्याच्या बाहेर पडलात की हजार पटींनी कमी. हा ठिपका पेशीच्या पृष्ठभागाचा हजारावा हिस्सासुद्धा जेमतेम भरेल.

नस कापली गेली की पहिले काही दिवस फसवे असतात. तुटलेला पुढचा तुकडा लगेच मरत नाही. तीन-चार दिवस तरी त्याला बाहेरून विजेचा झटका दिला तर स्नायू हलतो. त्यामुळे पहिल्या आठवड्यात घाईने केलेली तपासणी 'नस चांगली आहे' असेही दाखवू शकते. शिवाय हा तुकडा जितका लांब, तितके स्नायूतले बदल उशिरा सुरू होतात. मणक्यालगतच्या स्नायूंत ते दहा ते चौदा दिवसांत दिसतात. हातापायांच्या टोकांना तीन-चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. 'तीन आठवडे' हा आकडा इथून येतो.

या काळात आत काय होते?

सर्वांत मोठा बदल रिसेप्टरचा. एरवी सगळी दुकाने सोलापूरच्या नवी पेठेच्या बाजारात आणि बाकी शहरात एकही नाही, अशी स्थिती असते. नस गेली की गल्लोगल्ली दुकाने उघडतात. पेशीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अॅसिटिलकोलिनचे रिसेप्टर उगवतात. 1959 मध्ये आक्सेलसन आणि थेस्लेफ यांनी मांजराच्या, तर पुढच्या वर्षी रिकार्दो मिलेदी यांनी बेडकाच्या स्नायूवर हे दाखवले. बारीक पिपेटने अॅसिटिलकोलिनचा थेंब पेशीवर कुठेही सोडला तरी नसेविना राहिलेला स्नायू प्रतिसाद देत होता.

हे नवे रिसेप्टर जुन्यांसारखेही नसतात. प्रत्येक रिसेप्टर पाच तुकड्यांचा बनलेला असतो. मोठ्या माणसात त्यातला एक तुकडा 'एप्सिलॉन' असतो. गर्भात त्या जागी 'गॅमा' असतो. जन्माच्या सुमारास गॅमा मागे पडतो आणि एप्सिलॉन येतो. नस तुटली की गॅमा परत येतो. गॅमावाला रिसेप्टर एका वेळी कमी प्रवाह सोडतो, पण कितीतरी जास्त वेळ उघडा राहतो. त्याच्या जोडीला 'अल्फा-7' नावाचा आणखी एक प्रकार येतो, जो एरवी मोठ्या माणसाच्या स्नायूत जवळपास नसतोच.

गर्भातले रूप परत येण्याची ही तऱ्हा सोडियम चॅनेलमध्येही दिसते. मोठ्यांच्या स्नायूत नॅव्ह 1.4 नावाचे सोडियम चॅनेल असते. नस गेल्यावर दोन-तीन दिवसांत नॅव्ह 1.5 दिसू लागते. हे चॅनेल हृदयात असते आणि वाढत्या गर्भाच्या स्नायूतही असते. ओळखण्याची युक्ती जुनी आहे: फुगू माशाचे विष टेट्रोडोटॉक्सिन नॅव्ह 1.4 ला अगदी थोड्या मात्रेत बंद पाडते, पण नॅव्ह 1.5 ला नाही. 1971 मध्ये रेडफर्न आणि थेस्लेफ यांनी दाखवले की नस कापलेला उंदराचा स्नायू या विषातही विजेची लाट निर्माण करतो. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की नॅव्ह 1.5 अधिक उण्या दाबालाच उघडते. म्हणजे लाट सुरू व्हायला कमी धक्का पुरतो.

क्लोराइडची गोष्ट मला व्यक्तिशः सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि तीच सर्वांत कमी सांगितली जाते. निवांत स्नायूतून वाहणाऱ्या प्रवाहाचा बहुतांश भाग, साधारण तीन चतुर्थांश, क्लोराइडच्या सीएलसी-1 चॅनेलमधून जातो. हा प्रवाह दाबाला जागेवर धरून ठेवतो, किरकोळ चढउतार तिथेच विरतात. नस गेल्यावर ही चॅनेल्स कमी होतात. जन्मतःच ती बिघडलेली असतील तर मायोटोनिया कंजेनिटा हा आजार होतो, ज्यात आकसलेला स्नायू लवकर सैल पडत नाही. यावरून त्यांचे महत्त्व कळेल.

पोटॅशियमच्या बाजूलाही हलवाहलव होते. कॅल्शियमने उघडणारा, एसके नावाचा प्रकार नव्याने येतो. मधमाशीच्या विषातले अपामिन त्याला चिकटते, म्हणून तो सापडला. आणि 2013 च्या सुमारास आणखी एक दुवा हाती आला. नस गेलेल्या स्नायूच्या आवरणावर कनेक्झिन नावाच्या प्रथिनाची अर्धी चॅनेल्स येतात. ती मोठ्या भोकांची आणि फारशी न निवडणारी असतात, त्यांतून सोडियम आणि कॅल्शियम आत झिरपते. उंदरांत ती काढून टाकल्यावर स्नायू कमी वाळला.

या सगळ्याचा एकत्र परिणाम त्या सुरुवातीच्या आकड्यावर होतो. उंदरांच्या स्नायूत काही दिवसांतच दाब 15 ते 20 मिलिव्होल्टने घसरतो, उणे 80 वरून उणे 60 च्या जवळ येतो. एका बाजूला दाब लाट सुटण्याच्या हद्दीजवळ आलेला, दुसऱ्या बाजूला लवकर उघडणारी सोडियम चॅनेल्स आलेली, आणि धरून ठेवणारे क्लोराइड गेलेले. मग दाब स्वतःच खालीवर होऊ लागतो आणि नसेचा कसलाही आदेश नसताना एकेक पेशी आपोआप लाट सोडू लागते. याला फिब्रिलेशन म्हणतात.

ईएमजीची सुई शोधते ती हीच गोष्ट. निवांत, धड स्नायूत सुई स्थिर ठेवली की शांतता असते. नस गेलेल्या स्नायूत मशीनच्या स्पीकरवर ठरावीक अंतराने टिक-टिक ऐकू येते. पेशंटला त्यातले काहीच जाणवत नाही, कातडीवरूनही दिसत नाही, कारण एका वेळी एकच पेशी आकसते. पापणी फडफडणे किंवा पोटरीत लवणे हे वेगळे; ते दिसते, कारण तिथे पेशींचा अख्खा गट हलतो, आणि बहुतेक वेळा ते निरुपद्रवी असते. इंटरनेटवर वाचून घाबरलेले तरुण माझ्याकडे येतात, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहिले. आणखी एक व्यवहारातली गोष्ट: थंड हातात फिब्रिलेशन कमी होते, म्हणून तपासणीआधी हात गरम करून घेतात. मे महिन्यात सोलापूरकरांना ते विचित्र वाटते, पण एसीच्या खोलीत बसून बोटे गार पडलेली असतात.

आता खरा गमतीदार प्रश्न. नस तुटली आहे हे स्नायूला कळते कसे? नसेतून येणारे एखादे पोषक द्रव्य बंद झाले म्हणून, की हालचाल थांबली म्हणून? यावर बरीच वर्षे वाद होता. 1972 मध्ये तेर्ये लोमो आणि जीन रोझेन्थाल यांनी उंदरांवर सुंदर प्रयोग केला. त्यांनी काही उंदरांची नस न कापता तिच्यातला संदेश औषधाने अडवला. नस जागेवर होती, फक्त मुकी होती. तरी स्नायूभर रिसेप्टर पसरले. दुसऱ्या उंदरांत नस कापली, पण स्नायूला थेट विजेने काम करत ठेवले. तिथे रिसेप्टर पसरले नाहीत, आणि आधी पसरलेले मागे हटले. म्हणजे स्नायू मुख्यतः स्वतःच्या हालचालीवरून ओळखतो. (स्मरणशक्तीच्या अभ्यासात पायाभूत ठरलेले शोधही याच लोमोंच्या नावावर आहेत.) हालचालीने सगळेच ठरत नाही. मरणाऱ्या नसेच्या तुकड्यातून निघणाऱ्या गोष्टींचाही काही वाटा आहे. पण मोठा हिस्सा हालचालीचा.

आतली साखळीही आता बरीच उलगडली आहे. स्नायू दर वेळी आकसतो तेव्हा आत कॅल्शियम वाढते, आणि ते कॅल्शियम पेशीच्या केंद्रकांना गर्भावस्थेतली जनुके बंद ठेवायला सांगत राहते. हालचाल थांबली की हा धाक संपतो. एचडॅक-4 नावाचे प्रथिन वाढते, त्यातून मायोजेनिन हे दुसरे प्रथिन वाढते, आणि मायोजेनिन रिसेप्टरची जनुके चालू करते. हेच मायोजेनिन स्नायूची प्रथिने तोडणारी यंत्रणाही चालू करते, हे 2010 मध्ये उंदरांत दाखवले गेले. दंड बारीक होत जाणे आणि चॅनेल्स बदलणे यामागे मोठ्या अंशी एकच कळ आहे. म्हणून "दूध-अंडी वाढवली तर दंड भरेल का?" या प्रश्नाला माझे उत्तर असते, आहार चांगला ठेवाच, पण ही कळ आहाराने फिरत नाही.

पक्षाघाताच्या पेशंटचे नातेवाईक इथे हमखास गोंधळतात. मेंदूच्या झटक्यात हात लुळा पडतो, पण मणक्यापासून स्नायूपर्यंतची नस जिवंत असते. तिथे स्नायूत एवढी उलथापालथ होत नाही. कुष्ठरोगात कोपराजवळची नस खराब होऊन बोटे वाकडी होतात, किंवा पोलिओत मणक्यातल्या पेशीच मरतात, तिथे मात्र वर सांगितलेले सगळे लागू होते.

यातला जिवावर बेतणारा भाग भूल देण्याचा आहे. श्वासनलिकेत नळी घालण्यासाठी सक्सिनिलकोलिन हे झटपट काम करणारे औषध वापरतात, बोलण्यात त्याला 'स्कोलिन' म्हणतात. ते अॅसिटिलकोलिनसारखेच रिसेप्टर उघडते. धड माणसात रिसेप्टर ठिपक्यापुरते असल्याने थोडेसेच पोटॅशियम बाहेर पडते आणि रक्तातली पातळी साधारण अर्ध्या मिलिमोलने वाढते. नस गेलेल्या स्नायूत पेशीभर रिसेप्टर उघडतात, गॅमावाले जास्त वेळ उघडे राहतात, आणि औषध विघटित झाल्यावर उरणारे कोलिनसुद्धा अल्फा-7 ला उघडे ठेवते. आत साठलेले पोटॅशियम एकदम रक्तात येते. रक्तात ते 3.5 ते 5 हवे. काही मिनिटांत ते 8 च्या पुढे गेले तर हृदय थांबू शकते. 1960 च्या दशकाच्या अखेरीस, व्हिएतनाम युद्धातल्या जखमींना भूल देताना असे प्रकार घडले आणि डॉक्टरांचे तिकडे लक्ष गेले.

धोका इजेनंतर दोन-तीन दिवसांनी सुरू होतो आणि नस परत जोडली जाईपर्यंत, म्हणजे कित्येक महिने, राहू शकतो. जीबीएस, मणक्याची इजा, पक्षाघात (नस जिवंत असली तरी हालचाल थांबलेली असते), मोठे भाजणे, अतिदक्षता विभागात फार दिवस निपचित पडून राहणे, या सगळ्यांत तो आहे. किती स्नायू बाधित आहेत यावर तो ठरतो. तळहाताच्या दोन लहान स्नायूंमुळे एवढे पोटॅशियम सुटणार नाही, दोन्ही पाय लुळे असतील तर सुटेल. रोक्युरोनियमसारखी दुसरी औषधे उपलब्ध आहेत, फक्त भूलतज्ज्ञांना माहीत असायला हवे. पित्ताशयाच्या ऑपरेशनला गेलात तरी "चार महिन्यांपूर्वी पाय लुळे पडले होते" हे सांगा. 'त्याचा याच्याशी काय संबंध' असे वाटून लोक ते सांगत नाहीत.

आता करंटविषयी. आमच्याकडे दोन प्रकारचे प्रवाह असतात. फॅरॅडिक प्रवाहाचा एकेक ठोका एक मिलिसेकंद किंवा त्याहून लहान असतो. तो नसेला पुरतो, नस चेतवली जाते आणि तीच स्नायूला हलवते. नस मेली असेल तर या ठोक्याला स्नायू दाद देत नाही, कारण स्नायूच्या पेशीला विजेने भारून निघायला जास्त वेळ लागतो. तिथे गॅल्व्हॅनिक लागतो: 100 मिलिसेकंद किंवा त्याहून लांब ठोका. त्याने स्नायू हलतो, पण सावकाश. दुखणे कमी करण्यासाठी ऑनलाइन मिळणाऱ्या छोट्या टेन्स मशीनचे ठोके तर मिलिसेकंदाच्याही अंशात असतात. पूर्ण नस गेलेल्या स्नायूवर ती लावून उपयोग नाही, फक्त कातडीला मुंग्या येतात. कृपया त्यावर पैसे घालू नका.

लोमोंच्या प्रयोगावरून करंट दिलाच पाहिजे असे वाटेल. व्हिएन्नात हेल्मुट केर्न यांच्या गटाने मणक्याच्या इजेने नसा गेलेल्या पेशंटना मोठ्या इलेक्ट्रोडने, लांब ठोक्यांनी, दीर्घकाळ नियमित करंट दिला आणि मांड्यांचे स्नायू जाड झालेले दाखवले. मात्र तिथे नस परत येण्याची आशा नव्हती. जिथे नस वाढून परत येणार आहे, तिथे चित्र एवढे सरळ नाही. स्नायूची बदललेली अवस्था नसेला बोलावणारीही असते: ती शेजारच्या नसांना फुटवे फोडायला लावते आणि परकी नसही स्वीकारते. नस शाबूत असलेला स्नायू दुसऱ्या नसेला थारा देत नाही. प्राण्यांत स्नायूला विजेने सतत कामात ठेवले तर फुटवेही कमी येतात आणि परकी नसही नाकारली जाते. म्हणून तज्ज्ञांत यावर एकमत नाही. माझा स्वतःचा कल असा: सांधे मोकळे ठेवणे आणि बधिर कातडी जपणे हे आधी, करंट सर्जनशी बोलून, थोडका.

परकी नस स्वीकारण्याच्या या गुणाचा फायदा सर्जन घेतात. क्रिस्तोफ ओबेरलँ यांनी 1994 मध्ये मांडलेल्या शस्त्रक्रियेत हाताकडे जाणाऱ्या अल्नर नसेतला एक लहान पदर दंडाच्या बायसेप्सच्या नसेला जोडतात, आणि कोपर पुन्हा वाकू लागते. दुचाकी अपघातात खांद्याजवळच्या नसा तुटलेल्या तरुणांसाठी ही मोठी आशा आहे. मात्र मुदत असते. नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. मनगटापासून तळहातापर्यंत आठ-दहा सेंटीमीटर, म्हणजे तीन-चार महिने. मानेपासून तळहातापर्यंत साठ-सत्तर सेंटीमीटर, म्हणजे दोन वर्षांच्या घरात. आणि स्नायू साधारण बारा ते अठरा महिन्यांपर्यंतच चांगला वाट पाहू शकतो. नंतर पेशी आक्रसतात, त्यांच्या जागी चरबी आणि तंतुमय ऊती येतात. अशा शस्त्रक्रियेचा निर्णय म्हणूनच पहिल्या तीन ते सहा महिन्यांत व्हावा लागतो. कोणाला त्यासाठी पुणे, मुंबई किंवा हैदराबाद गाठावे लागले तर तयारीलाही वेळ लागतो.

नस पोहोचली की सगळे उलट दिशेने फिरते. नसेच्या टोकातून येणारे अॅग्रिन नावाचे प्रथिन रिसेप्टरना पुन्हा एका ठिपक्यात गोळा करते. गॅमा जाऊन एप्सिलॉन येतो, नॅव्ह 1.5 मावळते, क्लोराइडची चॅनेल्स परततात, दाब पुन्हा उणे 80 च्या पलीकडे जातो. सुईवर फिब्रिलेशन कमी होते आणि लहान, तुटक असे नवे संकेत दिसू लागतात. डोळ्यांना हालचाल दिसण्याआधी काही आठवडे ते दिसतात. ते पाहण्यासाठीच दुसरी ईएमजी साधारण तीन महिन्यांनी करतात, आणि तेव्हाही काही दिसले नाही तर सर्जनला भेटायला सांगतात. दुसऱ्या तपासणीला जाताना पहिला रिपोर्ट सोबत न्या. जुने फिब्रिलेशन कमी झाले की नुसते स्नायू वाळल्याने मंदावले, हे दोन्ही कागद शेजारी ठेवल्याशिवाय सांगणे अवघड असते.